उंच टपाची गाडी घरच्या वापराला: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नाचं वऱ्हाड, सौंदत्तीची यात्रा, जोतिबाची चैत्री यासाठी ट्रॅव्हलर भाड्याने सांगायची आपल्याकडे जुनी रीत आहे. तीच गाडी स्वतःच्या नावावर, रोजच्या वापराला घ्यावी का, असं एकत्र कुटुंबातले लोक आता सारखं विचारतात. त्यांचे प्रश्न इथे एका जागी केले आहेत. कायद्याचं आणि कराचं सगळं केए, म्हणजे कर्नाटक पासिंग धरून लिहिलं आहे. महाराष्ट्राचा किंवा गोव्याचा संबंध जिथे येतो, तिथे तसं सांगितलं आहे.

1. उंच टपाची गाडी म्हणजे नेमकी कोणती? ईको त्यात येते का?

आत मोठा माणूस उभा राहतो, फार तर जरा मान झुकवून चालतो, ती उंच टपाची. आपल्या रस्त्यांवर मुख्यतः तीन दिसतात. पहिली फोर्सची ट्रॅव्हलर. ही 1987 पासून आहे. तेव्हा कंपनीचं नाव बजाज टेम्पो होतं, म्हणून लोक अजून टेम्पो ट्रॅव्हलर किंवा टीटी म्हणतात. दुसरी टाटाची विंगर, 2007 मध्ये आलेली. तिसरी 2022 मध्ये आलेली फोर्स अर्बेनिया.

ईको यात येत नाही. तिची उंची सहा फुटांच्या आसपास, आत बसूनच सरकावं लागतं. ओम्नी तर 2019 मध्येच बंद झाली. ट्रॅक्स क्रूझर दणकट आहे, खानापूरच्या जंगलपट्टीत तिच्याशिवाय पान हलत नाही, पण ती जीपच्या जातीची. म्हाताऱ्या माणसाला आत शिरताना कमरेतून वाकावंच लागतं.

2. घरात नऊ माणसं आहेत. दोन कार ठेवण्यापेक्षा ही एक परवडेल का?

माणसं किती, यापेक्षा ती किती वेळा एकत्र निघतात ते मोजा. आई-वडील गावी, शेती तिथेच, मुलं शाळेसाठी बेळगावात, आणि दर शनिवार-रविवारी सगळ्यांची ये-जा, अशा घरात ही गाडी खऱ्या अर्थाने वसूल होते. वर्षाकाठी दोन लग्नं आणि एक देवदर्शन एवढंच असेल, तर भाड्याची गाडीच बरी. तसं मी अनेकांना सांगितलंही आहे.

डिझेल लिटरला साधारण दहा-बारा किलोमीटर धरा, घाटात त्याहून कमी. टायर, ब्रेक, विमा, सगळं कारपेक्षा वरचं. दोन्ही कार विकून ही एकच ठेवायचा विचार करत असाल तर थांबा. कोथिंबीर आणायलाही मग हीच काढावी लागेल. एक लहान कार किंवा दोन स्कूटर ठेवाच.

3. कर्नाटकात बायकांना बस फुकट आहे. मग एवढा खर्च कशाला?

प्रश्न रास्त आहे. 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत राज्यातल्या साध्या सरकारी बसमधून बायकांना तिकीट लागत नाही. बेळगाव-खानापूर रोज नोकरीला जाणाऱ्या सुनेने ते सोडायचं कारण नाही. रोजचा एकट्या-दुकट्याचा प्रवास बसनेच करा. ही गाडी लागते ती जिथे बसची वेळ जुळत नाही, म्हातारं माणूस सोबत आहे, किंवा जायचंय हद्दीपलीकडे, म्हणजे गडहिंग्लज, चंदगड, सावंतवाडी अशा ठिकाणी. आपली निम्मी सोयरीक तिकडेच असते.

4. आमची गल्ली अरुंद आहे. गाडी दारापर्यंत येईल का?

शोरूमला जायच्या आधी याचं उत्तर काढा. या गाड्यांची उंची आठ ते पावणेनऊ फूट. अंगाची रुंदी सात फुटांच्या घरात, आरसे उघडले की आणखी. लांबी सीटप्रमाणे पाच ते सात मीटर.

गल्ली मोजायची साधी रीत अशी. नऊ फुटांचा बांबू घ्या, त्याला आठ फुटांची आडवी काठी बांधा, आणि दोघांनी मिळून तो उभा धरून मोठ्या रस्त्यापासून दारापर्यंत चालत या. सकाळी करू नका, रात्री आठला करा. तेव्हाच दोन्ही बाजूंना दुचाक्या लागलेल्या असतात आणि खरी रुंदी कळते. काठी बहुतेक वेळा भिंतीला लागत नाही. ती अडकते केबलच्या लोंबत्या वायरीत, पहिल्या मजल्याच्या सज्ज्यात किंवा शेजाऱ्याच्या फणसाच्या फांदीत. वायर उचलून घेता येते, फांदी विचारून छाटता येते, सज्जा मात्र हलत नाही.

सरळ गल्लीपेक्षा वळण जास्त त्रास देतं. बेळगावात शहापूर, वडगाव, खडेबाजारच्या मागचे बोळ असे आहेत, की सरळ भागात गाडी मावते आणि कोपऱ्यावर शेपूट अडकतं. शक्य असेल तर एखादी भाड्याची ट्रॅव्हलर बोलावून तिच्या चालकाला दारापर्यंत आणायला सांगा. तो कोपऱ्यावर उतरून डोकं खाजवायला लागला, तर तुम्हाला रोज तेच करायचं आहे.

गणपतीचंही लक्षात ठेवा. गल्लीत मंडप उभा राहिला की विसर्जनापर्यंत गाडी बाहेरच. तेवढे दिवस लावायला ओळखीचं आवार लागतं. रेल्वेखालच्या भुयारी वाटेला लोखंडी कमान असते, तिच्यावर मीटरमध्ये उंची लिहिलेली असते. ती वाचल्याशिवाय आत शिरू नका. मोठ्या दुकानांच्या तळघरातलं पार्किंग या गाडीसाठी नाही असंच धरून चाला.

5. आजींना गुडघेदुखी आहे. एवढ्या उंच गाडीत चढतील का?

आत गेल्यावर त्यांना ही गाडी कारपेक्षा सोपी. दारापर्यंत मात्र अवघड. पहिली पायरी कंपनीकडून येते तशी ठेवली तर गुडघ्याइतकी उंच असते. खाली एक जादा पायरी लावून घ्या, जमिनीपासून वीतभर उंचीची, आणि दाराच्या दोन्ही बाजूंना धरायला दांडे.

पायरी निवडताना एकदा आजींना चढताना नीट बघा. नऊवारी किंवा पाचवारी नेसलेली बाई डाव्या हाताने दांडा धरते, उजवा पाय पायरीवर ठेवते, आणि मागचा पाय उचलते तेव्हा लुगड्याचा काठ पायरीच्या धारदार कोपऱ्यात अडकतो. पडझड होते ती याच क्षणी. म्हणून पायरीचे कोपरे गोल हवेत, वर खरबरीत रबर हवं, आणि पायरी पावलाच्या पूर्ण लांबीची हवी. उद्यमबाग किंवा ऑटोनगरमध्ये अशी पायरी करून मिळते.

एकदा आत आलं की त्या उभ्याने चालत आपल्या जागेवर जातात, पदर सावरून बसतात. कारच्या मागच्या सीटवर मान घालून, कूस वळवून शिरावं लागतं, तसं काही करावं लागत नाही. ज्यांच्या घरात ऐंशीच्या पुढचं माणूस आहे, त्यांनी या एका कारणासाठी ही गाडी घेतली तरी मला ते पटतं.

6. कारचं लायसन्स चालतं का?

चालतं. या गाड्यांचं भरल्या गाडीसह एकूण वजन साडेसात टनांच्या आत असतं, आणि तिथपर्यंत एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं लायसन्स पुरतं. पिवळ्या पाटीच्या, म्हणजे भाड्याच्या, त्याच वजनाच्या गाडीलाही वेगळा बॅज लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 ला स्पष्ट केलं. कायद्याने चालतं म्हणून हात बसलाय असं मात्र होत नाही. त्यासाठी प्रश्न 10 पाहा.

7. घरच्या वापरासाठी पांढरी पाटी मिळते का? किती सीटपर्यंत?

मिळते. चालक सोडून सहापेक्षा जास्त माणसांच्या गाडीला मोटार वाहन कायदा ‘ओम्नीबस’ म्हणतो. ती भाडं न घेता स्वतःच्या कुटुंबासाठी वापरायची असेल तर खाजगी म्हणून नोंदवता येते. तीच गाडी मालकाने आपल्या धंद्यासाठी, समजा कामगार ने-आण करायला, ठेवली तर ती ‘प्रायव्हेट सर्व्हिस व्हेइकल’ होते आणि ट्रान्सपोर्ट वाहनांत मोडते. म्हणून गाडी दुकानाच्या किंवा फर्मच्या नावावर घेण्याआधी विचार करा.

गोंधळ होतो तो यामुळे, की वेगवेगळे नियम सीटची रेघ वेगवेगळ्या जागी मारतात:

चालक सोडून 6 च्या वर गेलात की ओम्नीबस.
चालक सोडून 8 च्या वर गेलात की वेगमर्यादा बदलते. दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कारला 100, या गाडीला 90.
चालक सोडून 12 च्या वर गेलात की टोल मिनीबसचा (प्रश्न 9).

माझं मत विचाराल तर घरासाठी नऊ ते बारा सीटची आखूड गाडी घ्या. सतरा सीटची लांब गाडी यात्रा कंपनीला शोभते, घराच्या फाटकाला नाही.

8. टॅक्स किती बसेल?

कर्नाटकचा लाइफटाइम टॅक्स देशातल्या जबर करांपैकी एक आहे. खाजगी कारला 20 लाखांच्या वर 18 टक्के, आणि त्यावर उपकर. ओम्नीबसला इथे आणखी एक गोष्ट बघतात, ती म्हणजे आतल्या जागेचं क्षेत्रफळ. पाच चौरस मीटरपर्यंत असेल तर कारसारखा एकरकमी कर. त्याच्या वर गेलं की हिशोब चौरस मीटरवर आणि तिमाहीने. लांब आणि आखूड मॉडेलमध्ये खरा फरक इथे पडतो. शोरूमवाल्याकडून नुसती ऑनरोड किंमत घेऊ नका. करपात्र क्षेत्रफळ किती आणि कर कोणत्या पद्धतीने, हे कोटेशनवर लिहून घ्या.

जीएसटीचं गणित याच्या उलटं आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून चालकासह दहा किंवा जास्त माणसांच्या वाहनावर तो 28 वरून 18 टक्क्यांवर आला. मोठ्या एसयूव्हीवर तो 40 टक्के आहे. दहा माणसांची उंच टपाची गाडी आणि सात माणसांची मोठी एसयूव्ही यांची तुलना करताना हा फरक धरा.

9. टोलला कारचा दर लागतो की बसचा? वर्षाचा पास चालतो का?

राष्ट्रीय महामार्गांच्या नियमात चालक सोडून 12 सीटपर्यंतची गाडी कार-जीप-व्हॅनच्या दरात येते. 13 ते 32 ला मिनीबसचा दर. फास्टॅग काढतानाच वर्ग बरोबर पडलाय का ते आरसी समोर ठेवून बघा. चुकीचा टॅग लागला तर कोगनोळी, हत्तरगी, हिरेबागेवाडी, खानापूर रस्त्यावरचं गणेबैल, प्रत्येक नाक्यावर जादा पैसे कटत राहतात आणि नाक्यावर वाद घालून ते परत मिळत नाहीत. टॅग देणाऱ्या बँकेकडेच तक्रार करावी लागते.

टोलचा वार्षिक पास 15 ऑगस्ट 2025 ला सुरू झाला, तेव्हा तो 3000 रुपयांना होता. वर्षभर किंवा 200 फेऱ्या, जे आधी संपेल ते. तो फक्त बिगरव्यावसायिक कार, जीप, व्हॅनला आहे आणि पात्रता गाडीच्या सरकारी नोंदीवरून तपासली जाते. पैसे भरण्याआधी अ‍ॅपवर नंबर घालून खात्री करा. कोल्हापूरला नेहमी जाणाऱ्यांना तो निश्चित फायद्याचा.

10. मी ईको चालवते. ही मला झेपेल का?

झेपेल. स्टिअरिंग हलकं असतं, चालकाची बसायची जागा उंच, पुढचं लांबवर दिसतं. तीन सवयी बदलाव्या लागतात. वळण उशिरा घ्यायचं, नाहीतर मागचं चाक फुटपाथवर चढतं. उजवीकडे पूर्ण वळताना गाडीचं शेपूट डावीकडे फेकलं जातं हे ध्यानात ठेवायचं, कारण तिथे नेमका एखादा दुचाकीवाला असतो. आणि रिव्हर्स कॅमेरा असला तरी गर्दीत मागे घेताना एक माणूस खाली उतरवायचा. कॅमेऱ्यात जमीन दिसते, वरचा सज्जा दिसत नाही.

गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर रिकामी गाडी फिरवून हात बसवा, मग घरची माणसं बसवून पुन्हा तेच करा. भरलेली गाडी थांबायला जास्त अंतर घेते. ऊस हंगामात निपाणी, चिकोडी, रायबागकडे रात्री जाताना हे फार महत्त्वाचं. दुहेरी ट्रॉलीचा ट्रॅक्टर मागे दिवा नसताना अंधारात उभा असतो. त्या रस्त्यांवर अंधार पडल्यावर साठच्या पुढे जाऊ नका.

11. चोर्ला, अनमोड, आंबोली, तिलारी. यातला कुठला घाट या गाडीला बरा?

भरल्या गाडीला आंबोली सगळ्यात सरळ, पण पावसाळ्यात शनिवारी-रविवारी धबधब्यापाशी तासन्‌तास अडकाल. पणजी, म्हापशाला जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला जवळचा. जून ते सप्टेंबर तिथे धुकं आणि खड्डे दोन्ही असतात, तेव्हा दिवसाउजेडीच जा. अनमोडला दरड किंवा रस्ता खचण्यावरून पावसाळ्यात जड वाहनं थांबवतात. तुमची गाडी त्या बंदीत सहसा येत नाही, तरी निघण्याआधी रामनगरकडच्या कुणाला तरी फोन करा. तिलारीची वळणं आणि चढ फार अंगावर येणारे आहेत. माणसं भरून लांब गाडी तिथे नेऊ नका.

उतरताना नियम एकच, ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय ठेवून आंबोली उतरलात तर खाली दाणोलीपर्यंत ब्रेकचा जळका वास येतो आणि मग ब्रेक लागेनासा होतो. विंगरमध्ये इंजिनचा जोर पुढच्या चाकांवर येतो. मागे माणसं आणि सामान भरून ओल्या मातीच्या चढावर ती जागच्या जागी चाक फिरवते, तेव्हा वजन पुढच्या सीटांवर घ्या.

12. टपावर कॅरिअर लावून सामान बांधलं तर?

हलकं सामान, तेही क्वचित. गाद्या, चटया, रिकामी पातेली चालतील. तांदळाची पोती, गॅसची शेगडी, पाण्याचे कॅन वर ठेवू नका. गाडी मुळातच उंच आहे. वरचं वजन वाढलं की वळणावर ती जास्त कलते. हत्तरगीच्या माळावर आणि वंटमुरी घाटाच्या तोंडाशी आडवा वारा लागतो, शेजारून ट्रक गेला की स्टिअरिंगला हिसका बसतो. तिथे दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि वेग कमी. कॅरिअर लावलात तर गाडीची उंची वाढली, म्हणजे प्रश्न 4 चा बांबू पुन्हा फिरवा.

13. मुलांना गाडी लागते. कुठे बसवायचं?

मागच्या चाकाच्या पुढे, मधल्या रांगेत, खिडकीशी. सगळ्यात मागची रांग चाकाच्या मागे लोंबते, म्हणून घाटात तीच जास्त हेलकावते. तिथे गाडी न लागणारी तरणी माणसं बसवा. पडदे उघडे ठेवा, बाहेरचं लांबचं दिसलं की पोट शांत राहतं. कुंदा खाऊन घाट चढवू नका. उतरल्यावर खा.

14. प्रत्येक सीटला बेल्ट लागतो का? लहान बाळाचं काय?

समोर तोंड असलेल्या सीटवर बसणाऱ्याने बेल्ट लावायचाच. चौदा वर्षांखालचं मूल बेल्टशिवाय किंवा बाळाच्या सीटशिवाय नेलं तर 1000 रुपये दंड आहे. दंड राहू द्या. आत ऐसपैस जागा असते म्हणून मुलं चालत्या गाडीत उभी राहतात, मधल्या वाटेत खेळतात, आणि एक जोराचा ब्रेक लागला की थेट चालकाच्या पाठीवर येतात. या गाडीत मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती याचीच. गाडी सुटताना सगळे बसलेत का, हे बघायचं काम घरातल्या एकाला कायमचं नेमून द्या.

गाडी घेताना बघा, की किमान दोन-तीन सीटना खांद्यावरून येणारा बेल्ट आहे. नुसत्या कमरेच्या बेल्टवर बहुतेक बाळसीट नीट बसत नाहीत.

15. रोज फक्त शाळा आणि बाजार असं दोन-तीन किलोमीटर चालवलं तर इंजिनला त्रास होतो का?

होतो. बीएस6 डिझेल गाडीच्या धुरवाटेत काजळी धरणारी डीपीएफ नावाची गाळणी असते. ती साफ व्हायला इंजिन चांगलं तापून बराच वेळ एका वेगात चालावं लागतं. टिळकवाडी ते कॅम्प, रेल्वेच्या पहिल्या-दुसऱ्या गेटपाशी थांबत थांबत, एवढ्यावर ती तुंबते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. आठवड्यातून एकदा हायवेला लागा, निदान अर्धा तास. दिवा लागल्यावर तसंच चालवत राहिलात तर वर्कशॉपमध्ये मोठं बिल येतं. शाळेसाठी स्कूटर किंवा लहान कार, हे प्रश्न 2 मध्ये सांगितलंच आहे.

16. पावसाळ्यात आत कुबट वास येतो. काय करावं?

बेळगाव-खानापूरला उन्हापेक्षा ओल जास्त छळते. टपाच्या कडेने पाणी वाहून जायला पन्हळ असते, तिच्यात आंब्याचा पाला साचला की पाणी दारावरून आत झिरपतं. मे महिन्यात शिडी लावून पन्हळ साफ करा, जोडावरचं सीलंट तपासा. कापडी सीटवर जुलैमध्ये पांढरी बुरशी धरते, म्हणून रेक्झिन कव्हर घाला. पायातलं कार्पेट काढून रबराची चटई टाका आणि ऊन पडलं की सगळी दारं उघडून ठेवा.

17. यात्रा कंपनीची जुनी पिवळ्या पाटीची गाडी घेऊन पांढरी करता येते का?

येते, पण कागदांचा पाठलाग करायची तयारी ठेवा. आधीच्या मालकाने परमिट सरेंडर केलेलं हवं, कर्ज असेल तर फायनान्सची एनओसी हवी, दंडाची थकबाकी मिटलेली हवी. मग आरटीओकडे वर्ग बदलण्याचा अर्ज आणि खाजगी वाहनाप्रमाणे कराचा फरक. हे सगळं विकणाऱ्याने करून द्यायचं असं ठरवा आणि काही रक्कम तोवर राखून ठेवा. पांढरी झाली की फिटनेसचा ताप कमी होतो. पिवळ्या पाटीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस लागतं. खाजगी नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर पाच-पाच वर्षांची.

गाडी बघताना चटई उचलून जमिनीचा पत्रा टोचून बघा. गोव्यात किंवा किनाऱ्यावर वाढलेली गाडी वरून चकचकीत आणि खालून गंजलेली असते. किलोमीटरच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. ब्रेक पेडलचं रबर आणि चालकाच्या सीटची कड किती झिजली आहे ते बघा.

18. मामांची एमएच 09 गाडी आम्ही बेळगावात वापरतो. किती दिवस चालेल?

बारा महिने. त्यापुढे एका राज्यात गाडी ठेवायची तर तिथला नंबर घ्यावा लागतो. कोल्हापूर आरटीओची एनओसी आणायची, इथे वयाप्रमाणे घटलेला कर भरायचा, केए 22 किंवा तुमच्या भागाप्रमाणे चिकोडीचा 23, बैलहोंगलचा 24, गोकाकचा 49 घ्यायचा. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, त्याचा अर्ज तिकडेच करावा लागतो. शनिवारी येऊन रविवारी परत जाणाऱ्या पाहुण्याच्या गाडीला यातलं काही लागत नाही. मात्र टोलच्या पावत्या आणि सर्व्हिसची बिलं जपून ठेवा. अडवलं तर गाडी कुठे राहते हे त्यावरूनच दाखवता येतं.

घरातलं कुणी सैन्यात किंवा केंद्र सरकारच्या नोकरीत असेल तर त्यांच्या नावावर बीएच मालिकेचा नंबर घेता येतो. बेळगावातल्या लष्कराच्या मराठा सेंटरमुळे आपल्याकडे अशी घरं बरीच आहेत. त्यात कर दोन-दोन वर्षांचा भरायचा आणि बदली झाली तरी नंबर बदलत नाही.

19. मागच्या दोन सीट काढून झोपायची सोय केली तर चालेल?

आरसीवर जितक्या सीट आहेत तितक्याच गाडीत हव्यात. मूळ बनावटीत परवानगीशिवाय बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्येही ठासून सांगितलं. सीट कमी करायच्या असतील तर आधी आरटीओची मंजुरी, मग काम. त्यापेक्षा पाठ मागे कलणाऱ्या सीट असलेलं मॉडेल घ्या. काळी फिल्म 2012 पासून बंद आहे, ती लावू नका.

20. शेतातला भात, भाजी यातून नेता येते का?

घरी खायचा तांदूळ, नातेवाइकांना द्यायची दोन पोती, नेता येतात. एपीएमसीला विकायची भाजी रोज भरून नेणं हा माल वाहतुकीचा धंदा, त्यासाठी ही नोंदणी नाही. वजनाचा अंदाज असा: पन्नास किलोची दहा पोती म्हणजे सात माणसं. पोती सीटच्या पायाला दोरीने बांधा. मोकळं पोतं ब्रेक लागला की पुढे येतं.

21. यात्रेला जाताना भाऊबंदांनी डिझेलचे पैसे दिले तर ते भाडं होतं का?

एका घरातल्या, एका भावकीतल्या माणसांनी मिळून डिझेल टाकलं तर त्याला कुणी भाडं म्हणत नाही. डोकी मोजून दर ठरवला, गावात ‘चिंचलीला जाणार, माणशी इतके’ असं सांगितलं, किंवा पैसे ठरवून शेजाऱ्यांची मुलं रोज शाळेत सोडली, की ते भाडं झालं. पोलिसांचा दंड त्यातला लहान भाग. खाजगी विम्यात ‘भाड्यासाठी वापर नाही’ अशी अट असते. अपघात झाला तर कंपनी त्याच अटीवर बोट ठेवते आणि सगळा भार मालकावर येतो. यात्रेत गाडी घेऊन जायची असेल तर पैशाऐवजी एकाने डिझेल, एकाने टोल, एकाने जेवण असं वाटून घ्या. प्रवाशांचा अपघात विमा गाडीतल्या सगळ्या सीटचा काढा, मालक-चालकाचा 15 लाखांचा तर सक्तीचाच आहे.

22. गावात एवढी मोठी गाडी एकच. रात्री-अपरात्री दवाखान्यासाठी मागतात. द्यावी का?

द्यावी. गावात राहून नाही म्हणता येत नाही आणि म्हणूही नये. मात्र किल्ली देऊ नका, चालक द्या. घरातला एक आणि शेजारचा एक, अशा दोघांची नावं आणि लायसन्स आधीच बघून ठेवा. विनालायसन्स माणसाच्या हाती गाडी दिली तर गुन्हा मालकावरही येतो. छातीत दुखणं, अपघात, अडलेली बाळंतीण असेल तर आधी 108 ला फोन करायचा. रुग्णवाहिका यायला वेळ लागणार असेल तर गाडी काढून वाटेत गाठायचं. मधल्या वाटेत एक माणूस आडवा मावतो, म्हणून त्या मापाची एक पातळ गादी आणि प्लास्टिकचा कागद मागच्या सीटखाली कायम ठेवा.

23. सीमेवर तणाव असला की दोन्हीकडच्या बस बंद होतात. तेव्हा आपल्या गाडीने जावं का?

अत्यावश्यक नसेल तर नको. अशा दिवसांत केए गाडी तिकडे आणि एमएच गाडी इकडे अडते, आणि उंच टपाची गाडी लांबूनच बससारखी दिसते. 1 नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सव आणि काळ्या दिनाच्या, आसपास लग्नाची बोलणी, साखरपुडा असले कार्यक्रम हद्दीपलीकडे ठेवूच नका.

दवाखान्याची तारीख किंवा परीक्षा असेल तर पहाटे निघा आणि उजाडायच्या आत हद्द ओलांडा. मागच्या काचेवर कुठल्याही बाजूची घोषणा किंवा झेंडा नको. नंबरप्लेट नियमाप्रमाणे इंग्रजी अक्षरांतली, हाय सिक्युरिटीचीच. दवाखान्याची फाईल किंवा हॉलतिकीट चालकाशेजारच्या माणसाच्या हातात द्या. अडवलं तर गाडीतल्या वयाने मोठ्या माणसाने, समोरच्याला जी भाषा येते त्या भाषेत बोलावं. निपाणीपाशी महामार्ग अडला असेल तर आडवाटेने घुसायचा प्रयत्न करू नका. भरलेली गाडी अरुंद रस्त्यावर मागे वळवता येत नाही. पेट्रोलपंपावर थांबा, गडहिंग्लज-संकेश्वर रस्ता चालू आहे का ते तिथल्याच माणसाला विचारा, आणि नसेल तर घरी परत या.